बिनचेनच्या पँटी आणि देशाची तूट

सगळ्यात आधी एक क्लियर करतो. मी रिटायर झालेलो नाही. पस्तिशीसुद्धा गाठलेली नाही. या अंकात अनुभव लिहिणारी बाकीची मंडळी पेन्शनच्या रांगेतून येऊन लिहितात, मी मोपेडवरून येऊन लिहितोय. संपादकबाईंनी गाठलं आणि म्हणाल्या, "तुम्ही एक्सपोर्टमध्ये होता ना, तिथलं काहीतरी लिहा." मी म्हटलं, "लिहितो कशाला, सगळ्यांचे आवाजच काढून दाखवतो." त्या म्हणाल्या, "आवाज छापता येत नाहीत." बोंबला. माझ्याकडे जे एकच भांडवल, तेच इथे चालत नाही. तर आता वाचताना आवाज तुमचे तुम्ही काढा.

मला सगळे रेडिओ म्हणायचे. बदलापूरला, बेलवलीच्या शाळेत असताना मी दाराआडून हेडमास्तरांच्या आवाजात "आज अर्ध्या दिवसाची सुट्टी" म्हणालो होतो आणि तीन वर्ग दप्तरं उचलून घरी गेले होते. हेडमास्तरांनी मला बदडलं, पण नंतर स्वतःच "परत काढ बघू" म्हणाले. तेव्हाच मला कळलं की माणसाला स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लय आवडतं.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाल्ली आणि उल्हासनगरला लछूशेठकडे चिकटलो. हुद्दा शिपिंग असिस्टंट. जहाज तोपर्यंत मी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. शेठचा धंदा जीन्सच्या पँटींचा. ऑफिस आणि कटिंग उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, शिलाईची शेड अंबरनाथला मोरिवलीत. मी दोन्हीच्या मध्ये मोपेडवर. इकडून कागद तिकडे, तिकडून शिव्या इकडे.

आता धंदा सांगतो, घाबरू नका, सोपा आहे. पँट आपल्याकडे शिवायची, दुबईला पाठवायची, तिथून ती आफ्रिकेत कुठेकुठे जायची. ही झाली निर्यात. पण गिऱ्हाइकाला चेन पाहिजे परदेशी. आपली चेन नको. मग चेन बाहेरून मागवायची. ही झाली आयात. सरकार म्हणतं, चेनवरची ड्युटी माफ, पण एक अट. जेवढ्या चेन आणाल तेवढ्या पँटींना लागून परत देशाबाहेर गेल्या पाहिजेत. इथे कोणाच्या पँटीला लागल्या तर तुमची खैर नाही. म्हणजे चेन ही आपल्याकडे पाहुणी. आली, दोन दिवस राहिली, पँटीत बसून गेली.

आणि पैशाचं काम एल.सी.वर. एल.सी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचं वचन: अमुक तारखेच्या आत माल जहाजावर चढवा, कागद आणून द्या, पैसे घ्या. पण कागदावर जे लिहिलंय तेच आणि तसंच. 'चेनवाली पँट' लिहिलं असेल तर चेनवालीच. बँकेला विनोद कळत नाही. मी करून बघितलाय.

मोरिवलीच्या शेडचा कारभार वत्सलाबाईंकडे. अंबरनाथच्या, आमच्या आईच्या वयाच्या, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि शेडमध्ये हातात कात्री, दोन्हीचा धाक सारखाच. शिलाईवाल्या सगळ्या बायका त्यांनीच आणलेल्या. कोणी भावजय, कोणी शेजारीण, कोणी शेजारणीची नणंद. चांगल्या बांधलेल्या नोकऱ्या सोडायला लावून आणलेल्या. म्हणून शेडवर जरा ढग आला की तो आधी बाईंच्या डोक्यावर. बायका शेठला काही बोलणार नाहीत, बाईंच्या दारात येऊन उभ्या राहतील.

दुपारी जेवायच्या सुट्टीत माझा कार्यक्रम असायचा. बातम्या वाचणाऱ्याच्या घोगऱ्या आवाजात मी देशाचं महिन्याचं खातं वाचायचो. "गेल्या महिन्यात देशाची निर्यात घटली असून आयात वाढली आहे. व्यापारी तूट वाढल्याबद्दल सरकारने चिंता व्यक्त केली आहे. आता स्थानिक. मोरिवलीत सुरेखाच्या डब्यातली भाकरी निर्यात झाली, बदल्यात शोभाच्या डब्यातून सुकट आयात झाली. तूट सुरेखाची." बायका हसून हसून भाजी सांडायच्या. बाई नुसत्या म्हणायच्या, "रेडिओ, बंद हो. मशीनी चालू करा गं."

तर एक्क्याण्णव साल, म्हणजे दहाएक वर्षांपूर्वीचं. देशाची तिजोरी खडखडीत. परदेशी चलन संपत आलं, सोनं गहाण टाकलं, असं सगळं पेपरात. आम्हाला त्याचं काय? आम्ही तर चलन आणणारे. पण चेन आणायला शेठ बँकेत गेले आणि तोंड पाडून परत आले. बाहेरून काही मागवायचं असेल तर आधी मालाच्या किमतीपेक्षाही जास्त पैसे बँकेत ठेवा, असा नियम निघाला होता. मी बँक मॅनेजरांकडे गेलो. सज्जन माणूस, अंबरनाथलाच राहायचे, बोलताना दर वाक्याला टेबलावरची टाचणी सरळ करायचे.

"साहेब, आम्ही एक्सपोर्टवाले. आम्हाला सूट आहे म्हणतात."

"आहे ना," टाचणी सरळ. "असणारच."

"मग द्या."

"तसं पत्रक आमच्या शाखेत आलेलं नाही."

"कधी येईल?"

"आलं की कळवतो." टाचणी सरळ.

इकडे शेडमध्ये शिलाई चालूच. थांबवायची कशी, तारीख तर डोक्यावर. पँटी तयार व्हायच्या. पाय तयार, खिसे तयार, कंबर तयार, फक्त पुढची जागा उघडी. शेडभर ढीग. भिंतीला टेकलेल्या, टेबलावर पसरलेल्या, दोरीवर लटकलेल्या, सगळ्या पँटी आ वासून. नवीन मुलगी कामाला आली तर दारातच लाजायची.

बाई ढिगाकडे बघून म्हणाल्या, "सोनं गहाण टाकलं म्हणे देशाने."

"हो ना बाई."

"एखाद्या बाईमाणसाला विचारायचं होतं, कुठे टाकायचं ते. व्याज कमी लागलं असतं."

शेठनी एक दिवस शेडमध्ये येऊन सांगून टाकलं. शेठ म्हणजे पांढरा सफारी, कपाळाला घाम, मराठी-हिंदीची खिचडी. "बाई, हा माल तारखेच्या आत गेला नाही ना, तर शेड बंद. मैं बोल के रखता हूँ. अपना दुकान खोलके बैठेगा, टॉवेल-चड्डी बेचेगा. हे रोजचं टेन्शन आपल्याला नाय जमत."

त्या दिवसापासून बाईंचं एका जागी बसणं बंद झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मी पण तसाच. रोज सकाळी बँक, मग शेड, मग परत बँक. मोपेडला पण सवय झाली, आपोआप बँकेकडे वळायची.

उल्हासनगरात एक गोष्ट सांगतात की तिथे न बनणारी वस्तू अजून बनायची आहे. शेठनी कॅम्पातून चेन करून आणली. दिसायला अगदी परदेशी. तसलाच पिवळा धातू, तसलीच पट्टी. मला तर फरक कळेना. शेठ खूश. "देख रेडिओ, कौन बोलेगा लोकल है?"

बाई म्हणाल्या, "कोण बोलेल ते बघूया. रेडिओ, ही पँट घालून ये."

"मी?"

"मग मी घालू?"

मी कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन पँट चढवली. बाहेर आलो तर बायका मशीन थांबवून बसलेल्या. म्हटलं, एवढं पब्लिक आहे तर कार्यक्रम झालाच पाहिजे. बातम्यांचा आवाज लावला. "आज अंबरनाथ येथे संपूर्ण देशी चेनचं यशस्वी..."

"खाली बस," बाई म्हणाल्या.

"...प्रात्यक्षिक सादर करण्यात..."

मी उकिडवा बसलो. टर्रर्र. चेन मधूनच फाकली, वरून बंद आणि मध्ये उघडी. बायकांनी पदर तोंडात कोंबले. सुरेखा तर मशीनवर डोकं ठेवून हलायला लागली. मी उठेना. उठलो असतो तर आणखी उघडली असती.

आणि माझी स्वतःची पँट? ती कोणीतरी हुशारीने उचलून आतल्या मोरीत भिजत टाकली होती. कोणी ते आजपर्यंत कबूल केलेलं नाही. शोभा, मला माहीत आहे.

मला तर तसंच शेठकडे उल्हासनगरला जायचं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पँट मागून घेतली, चेन उसवून टाकली, तिथे भराभर चार काजं केली आणि डब्यातली धातूची बटणं ठोकून दिली. जीन्सच्या जाड दुहेरी कापडात काज करायचं म्हणजे बोटं सोलून निघतात. "घे. आता हत्तीवरून जा."

तसा मी शेठसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, चेन फेल. शेठ माझ्या तोंडाकडे बघेचनात. खालीच बघत होते. मला वाटलं आता नोकरी जाते.

"हे काय हाय?"

"बटणं."

"उठ-बैठ."

मी उठलो, बसलो. परत उठलो, परत बसलो. कॅम्पातल्या त्या गल्लीत लोक खिडकीतून बघायला लागले. बटणं हलली नाहीत. शेठनी टेबलावर थाप मारली. बटण इथलं, दोरा इथला, काज बाईंचं. बँक नको, पत्रक नको, देशाच्या तिजोरीला हात नको.

पण एल.सी.वर लिहिलेलं, 'चेनवाली'. ते बदलून 'बटणवाली' करायचं तर दुबईच्या गिऱ्हाइकाने त्याच्या बँकेला कळवायला पाहिजे. आणि इथेच खरा लोचा होता. दुबईचं गिऱ्हाईक म्हणजे मुरलीशेठ, आमच्या लछूशेठचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कशावरून, ते मला कोणी धड सांगितलं नाही. एकजण म्हणायचा दुकानावरून, दुसरा म्हणायचा लग्नात कोणाला पुढे बसवलं त्यावरून, तिसरा म्हणायचा आई दुबईला गेली नाही त्यावरून. बोलणं बंद, पण धंदा चालू. टेलेक्स जायचे-यायचे, त्यात फक्त नग, माप, तारीख. भावाभावांत एल.सी. सोडून दुसरा संबंधच उरला नव्हता.

मी म्हटलं, "शेठ, टेलेक्स टाकू?"

"नको. लेखी मागितलं तर तो लेखी नाय बोलेल. तोंडाने पूछना पडेगा."

"मग बोला ना तुम्ही."

शेठ पंख्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "तू बोल."

"मी?"

"मेरी आवाज में."

मला लय हसू आलं, पण शेठ हसत नव्हते. ऑफिसच्या फोनला शेठनी आमच्या भीतीने कुलूप घातलेलं, किल्ली घरी. म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेलो. काचेचं कपाट, त्यात शेठ, मी आणि नमुन्याची पँट. दार लागेना. समोर लाल आकडे पळणारं मीटर. शेठनी मला शिकवलं, "सीधा काम का बोलना. बटण. बस."

घंटी वाजली. पलीकडून आवाज आला. मी घसा शेठसारखा जड केला. "मुरली. मी... मैं लछू."

मीटरचे चार आकडे पळाले. मग तो माणूस एकदम सिंधीत बोलला, "अदा? अदा, अमां कीअं आहे?"

आता माझं सिंधी म्हणजे चार शिव्या आणि भाव कमी करायची दोन वाक्यं. पण अदा म्हणजे मोठा भाऊ आणि अमां म्हणजे आई, एवढं कळत होतं. आई कशी आहे विचारतोय. याचं उत्तर मी कोणाच्या आवाजात देऊ? मी शेठकडे बघितलं. त्यांनी रिसिव्हरमधलं ऐकलं होतं. काचेच्या त्या कपाटात त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर. त्यांनी माझ्या हातातून रिसिव्हर ओढून घेतला.

मग जे सुरू झालं ते सगळं सिंधीत. शेठ बोलतायत, रडतायत, मध्येच ओरडतायत, परत रडतायत. मीटरचे आकडे पळतायत. मला पाच-सात मिनिटं वाईट वाटलं, नंतर घाम फुटायला लागला. मी पँट वर केली, बटणांवर बोट ठेवून दाखवलं. "शेठ, बटण! बटण!" शेठनी पँट घेतली आणि तिने डोळे पुसले. बाहेर रांगेतला माणूस काचेवर नाणं आपटत होता. शेवटी शेठनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"आई की पूछ रहा था. घुटना कसा आहे, डोळा कसा आहे."

"आणि बटण?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. "भूल गया."

मी कपाळच आपटणार होतो, पण जागा नव्हती.

"शेठ, परत लावू फोन?"

"नको."

"अहो, तारीख..."

"आता मागू? सगळं झाल्यावर? तो काय बोलेल, भाई ने मतलब के लिए आई का नाम लिया? नाय. माल सडला तर सडू दे." आणि निघून गेले, पँट खांद्यावर टाकून.

हे मी बाईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्या येरझाऱ्या घालायच्या थांबल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा स्टुलावर बसल्या.

"म्हणजे भाऊ-भाऊ एक झाले आणि आपली शेड गेली?"

"तसंच काहीसं."

"चांगलं झालं म्हणावं की वाईट म्हणावं, तेच कळेना." मग वर बघून म्हणाल्या, "तू लाव ना फोन."

"कोणाच्या आवाजात लावू? शेठचा तर आता चालणार नाही."

"मेल्या, तुला स्वतःचा नाही का?"

खरं सांगतो, मला धडकी भरली. दुसऱ्याचा आवाज काढला की माणूस सेफ असतो, चुकलं तर तो चुकला. दुसऱ्या दिवशी त्याच बूथवर गेलो. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरलो. "मुरलीशेठ, मी अंबरनाथच्या शेडमधून बोलतोय, शेठना माहीत नाही," असं सुरू केलं आणि मग चेन, बँक, पत्रक, उकिडवा बसलो ते, फाटलं ते, वत्सलाबाई, त्यांनी आणलेल्या बायका, सगळं एका दमात ओकून टाकलं. हिंदी कुठे संपली, मराठी कुठे लागली, मला कळलं नाही.

मुरलीशेठनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कल पहले तू ही था ना?"

"हो."

"'मुरली' कहा ना तूने, तभी पकड़ा. अदा ने मुझे जिंदगी में मुरली नहीं बुलाया. मुरू बुलाता है." आणि हसला. मला वाटलं गेली ऑर्डर. तर म्हणाला, "बटन ठीक है. जिधर मैं भेजता हूँ उधर रेत है. जिप में रेत जाती है, कंप्लेंट आती है. पहले क्यों नहीं बोला किसी ने?"

पहले कोण बोलणार? बोलणं बंद होतं ना तुमचं. पण हे मी मनात म्हणालो. एल.सी. दुरुस्त होऊन आली आणि बाईंनी शेडमध्ये जी काजं चालू केली, तसं काम मी परत कुठे बघितलं नाही. काजाचं मशीन एकच. बाकी हातावर. बायकांच्या बोटांना चिंध्या. मी बातम्या वाचायला गेलो तर कोणी हसायला पण मान वर करेना. त्याच सुमारास महिन्याचे आकडे आले होते. निर्यात काही फार वाढली नव्हती, पण आयात धाडकन खाली आल्यामुळे देशाची तूट कमी झाली होती. मी घोगऱ्या आवाजात वाचलं, "समाधान व्यक्त करण्यात येत आहे."

बाई दोरा तोडता तोडता म्हणाल्या, "थांब. म्हणजे आपल्याला चेन मिळाली नाही, तेवढी तूट कमी झाली?"

"आपल्यासारख्या सगळ्यांना. चेन, स्क्रू, औषधं, काय काय."

"म्हणजे आपल्या पँटी उघड्या पडल्या म्हणून देशाची अब्रू झाकली," बाई म्हणाल्या. "सांग त्यांना, समाधान आमच्याकडे पण पाठवा थोडं."

शेवटच्या दिवशी दुपारी कंटेनर आला. मोरिवलीच्या गल्लीत तो ट्रेलर वळवणं म्हणजे बाटलीत हत्ती. एक ओटा थोडा खरवडला, दोन म्हशी हलवल्या. माल भरताना एक्साइजचे इन्स्पेक्टर हजर पाहिजेत, त्यांनी बघायचं, दार बंद करायचं, सील ठोकायचं. सील नाही तर बंदरात एंट्री नाही. साहेब वक्तशीर, कोरडे, चहा पण स्वतःच्या थर्मासमधला. पेट्या मोजून झाल्या, दार लावणार, तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि त्यातून शेठच्या अम्मा उतरल्या. पांढरी ओढणी, हातात एक पत्र्याचा डबा.

शेठ धावले. अम्मांनी त्यांना बाजूला केलं आणि डबा सरळ कंटेनरमध्ये, पेट्यांवर ठेवला. "मुरू लाइ," म्हणाल्या. मुरूसाठी.

साहेबांचा हात सीलवरच थांबला. "हे काय आहे?"

"पापड हैं," शेठ म्हणाले.

"कागदावर आहेत का?"

"अरे साहेब, घर के पापड..."

"कागदावर नसलेली वस्तू सीलच्या आत जात नाही."

म्हटलं, अम्मा, डबा पोस्टाने पाठवू. अम्मा कंटेनरच्या दारात, त्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या. मुलगा इतक्या वर्षांनी बोलला, दोन दिवस गच्चीवर गुडघा धरून त्यांनी ते पापड लाटले होते. डबा काढायची हिंमत कोणाची? शेठची नव्हती. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, बंदराचं गेट संध्याकाळी बंद होणार होतं. आणि वत्सलाबाई उन्हात उभ्या, एकदा डब्याकडे बघतायत, एकदा सीलकडे. सगळा माल, सगळ्या बोटांच्या चिंध्या, शेड, सगळं त्या डब्यापाशी अडलेलं.

मी म्हटलं, "साहेब, वेगळं बिल करतो. 'नमुना, विक्रीसाठी नाही.' तसं चालतं ना?"

"चालतं. किंमत लिहा."

"विक्रीसाठी नाहीच, तर किंमत शून्य."

"शून्य चालत नाही. देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला किंमत लागते. आकड्यांत धरायची असते."

मी शेठकडे बघितलं. दोऱ्याच्या रिळावर चार आण्यांसाठी तासभर भांडणारा माणूस, आकडा सांगेना. "अम्मा के पापड की कीमत मैं लिखूँ?"

तेव्हा बाई पुढे झाल्या. अम्मांचा हात धरला आणि म्हणाल्या, "अम्मा, तुम्ही सांगा ना. कोणी विकत मागितले असते तर काय घेतलं असतं?"

शेठ घाबरले, अम्मा आता चिडणार. पण अम्मा शांतपणे म्हणाल्या, "बेचे हैं. बँटवारे के बाद जब आए थे, कैंप में, बैरक के बाहर बैठ के. इन दोनों को उसी पे पाला. एक आने में दो." मग डब्याकडे बघून, "मुरू गिनके देता था. हमेशा एक ज्यादा दे देता था."

साहेबांनी पेन काढलं. "आणे आता चालत नाहीत, अम्मा," म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा कोरडा नव्हता. स्वतःच मनात काहीतरी हिशेब केला, स्वतःच्या हाताने बिलावर किंमत घातली, सही केली आणि सील ठोकलं. ट्रेलर निघाला.

आम्ही सगळे रस्त्यावर. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तशी शेठनी सफारीची कॉलर सैल केली. "हो गया. बाई, तुम्ही कमाल केली. पण आता बस. माल गेला, इज्जत राहिली, भाई बोलला. अब शांती से शेड बंद करता हूँ. हे परत नाय करायचं मला."

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि आत जायला वळल्या. आत शेड रिकामी, इतक्या दिवसांनी फरशी दिसत होती. आणि त्याच वेळी बँक मॅनेजर स्कूटरवरून घरी जाता जाता आमच्यासमोर थांबले. चेहरा लग्नघरच्यासारखा.

"शेठ, अभिनंदन! पत्रक आलं!"

"कसलं पत्रक?"

"एक्सपोर्टवाल्यांना सूट दिल्याचं! आणि मी तुमचं काम अडवलं नाही हां. तुमचा जुना अर्ज होताच, मागच्या आठवड्यात पत्रक हातात पडताच करून टाकलं. तुमची चेन सुटली. जहाजावर चढली पण."

शेठ मटकन अम्मांच्या रिक्षात बसले. "किती?"

"पूर्ण. तुम्ही मागितल्या होत्या तेवढ्या."

"कॅन्सल करा."

"ते होत नाही शेठ, माल निघाला," मॅनेजरांनी सवयीने स्कूटरचा आरसा सरळ केला. "आणि ड्युटी माफ आहे हां. फक्त तेवढ्या पँटी बाहेर पाठवायची अट आहे. तुम्हाला माहीतच आहे."

मी बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"रेडिओ, म्हणजे काय रे?"

"म्हणजे बाई, चेन येतेय. ती इथे ठेवून घेता येत नाही. पँटीला लावून पाठवायलाच लागते. नाहीतर शेठच्या मागे सरकार."

"पँटी कोण शिवणार?"

शेठ रिक्षातून म्हणाले, "बाई, मला घरी जाऊ द्या."

"जा ना शेठ, आराम करा," बाई म्हणाल्या, आणि शेडच्या दारात जाऊन आत ओरडल्या, "ए सुरेखा, झाडू घे. कचरा काढ, टेबलं पूस. कापड येतंय."